डेटा स्ट्रक्चर्सचे गृहपाठ, एकत्र अभ्यास आणि गुण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या आमच्या कॉलेजात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला 'डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम' हा ४ क्रेडिटचा विषय आहे. ३ क्रेडिट थिअरीचे, १ प्रॅक्टिकलचं. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात आणि पुढे प्रत्येक डेडलाइनच्या आदल्या रात्री तेच ते प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एकत्र अभ्यासाचा भाग सर्वांत मोठा आहे. मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं, आणि तेही बहुतेकदा नियम नीट माहीत नसल्यामुळे. पहिल्या गृहपाठाला हात लावण्याआधी तेवढा भाग तरी वाचाच.

गुणांची विभागणी कशी आहे?

१०० पैकी ३० गृहपाठांना, १० प्रॅक्टिकल आणि जर्नलला, २० मधल्या चाचणीला आणि ४० सेमिस्टरअखेरच्या परीक्षेला. गृहपाठ ६ आहेत: लिंक्ड लिस्ट, स्टॅक आणि क्यू, सर्च ट्री, हीप, हॅश टेबल आणि शेवटचा ग्राफ. त्यांतले चांगले ५ धरले जातात, प्रत्येकी ६ गुण. सर्वांत कमी गुणांचा एक आपोआप गळतो, त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. मात्र नक्कल केल्यामुळे शून्य मिळालेला गृहपाठ गळत नाही, तो पाचांत धरला जातो.

एक गृहपाठ तपासताना काय पाहता?

तपासणी २० पैकी होते. टेस्टना (सर्व्हरवर कोड आपोआप तपासणाऱ्या चाचण्यांना) १०, टिपणाला ३, कोडच्या मांडणीला ३, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) ४. या २० चे मग ६ होतात. म्हणजे १७ मिळाले तर ५.१ आणि १३ मिळाले तर ३.९.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. व्हायवात ४ पैकी १ किंवा त्याहून कमी गुण पडले तर टेस्टचे गुण निम्मे होतात. सगळ्या टेस्ट पास झालेला पण स्वतःला समजावून सांगता न येणारा कोड आमच्या लेखी अर्धाच झालेला असतो. गुण तुम्हाला आलेल्या गोष्टीचे आहेत, फाइलचे नाहीत. खालचे बरेचसे नियम याच एका कारणातून आले आहेत.

टिपणात काय लिहायचं?

अर्धं पान पुरे. तुमचा कोड काय करतो हे ओळीओळीने सांगू नका, ते कोडमध्ये दिसतंच. तीन गोष्टी लिहा: हीच रचना का निवडली, प्रत्येक मुख्य फंक्शनला किती वेळ लागतो आणि का, आणि कुठे अडलात. त्याखाली 'सहकार्य' असं लिहून कोणाची, कशाची मदत घेतली ते. मदत घेतली नसेल तर 'कोणाचीही नाही' असं लिहा. जागा रिकामी सोडली तर टिपणाचा १ गुण जातो.

माझा कोड माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतो. तुमच्याकडे निम्म्या टेस्ट फेल कशा?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात.

पहिलं कारण टर्बो सी हा जुना कंपायलर. बारावीला किंवा पहिल्या वर्षी त्यावर शिकलेल्यांना त्याची सवय असते. आमचा सर्व्हर लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर वापरतो. 'कोनिओ' ही हेडर फाइल प्रमाण सी भाषेत नाही, त्यामुळे क्लिअर-स्क्रीन आणि गेट-सीएच वापरलेला कोड तिथे कंपाइलच होत नाही. मेनच्या आधी व्हॉइड लिहिण्याची सवयही मोडा, तिथे इंट हवा. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा असतो, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच. आमच्याकडे तो ३२ बिटांचा, २,१४,७४,८३,६४७ पर्यंत. ज्यांनी जुन्या सवयीने आकडे लहान ठेवण्यासाठी कसरती केलेल्या असतात, त्यांचा कोड विनाकारण किचकट होतो.

दुसरं कारण म्हणजे आउटपुटमध्ये लिहिलेली जादा वाक्यं. 'नंबर टाका' असं स्क्रीनवर छापलंत की तेही आउटपुटच होतं. तपासणारा प्रोग्राम दिलेल्या उत्तराशी अक्षर अन् अक्षर जुळवतो. ओळीच्या शेवटची रिकामी जागा आम्ही माफ करतो, शब्द नाही.

तिसरं कारण सापडायला सगळ्यात अवघड. मॅलॉक या फंक्शनने घेतलेली मेमरी कोरी नसते, तिच्यात आधीचं काहीही पडलेलं असू शकतं. तुमच्या लॅपटॉपवर योगायोगाने तिथे शून्य असतं, त्यामुळे नोडचा नेक्स्ट पॉइंटर नल न करताही यादी नीट संपते. सर्व्हरवर त्या जागी कचरा असतो आणि प्रोग्राम भलत्याच पत्त्यावर जाऊन कोसळतो. उपाय सोपा आहे: नोड तयार करणारं एकच फंक्शन ठेवा, आणि त्यात सगळे घटक त्याच क्षणी भरा. शिवाय कंपाइल करताना सगळ्या वॉर्निंग चालू ठेवा आणि ॲड्रेस सॅनिटायझर लावा. पत्त्याची चूक कोणत्या ओळीवर झाली ते तो सांगतो. दिलेल्या मेकफाइलमध्ये 'तपास' नावाचं टार्गेट आहे, त्यात हे दोन्ही आधीच जोडलेलं आहे.

विंडोजवर बनवलेली इनपुट फाइल वापरत असाल तर आणखी एक गोष्ट पाहा. तिथे प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे एक न दिसणारं अक्षर जादा असतं. स्ट्रिंगची तुलना चुकत असेल आणि छापून पाहिल्यावर दोन्ही स्ट्रिंग अगदी सारख्या दिसत असतील, तर आधी त्यांची लांबी छापा.

लपवलेल्या टेस्ट का ठेवता?

१५ पैकी ५ टेस्ट तुम्हाला दिसतात, १० दिसत नाहीत. दिसणाऱ्या टेस्टपुरता कोड बसवण्याची सवय लागू नये म्हणून. पण लपवलेल्या टेस्टमध्ये फसवणूक नसते. रिकामी यादी, एकच घटक, सगळे घटक सारखे, आधीच क्रमाने लावलेले घटक आणि घटकांची खूप मोठी संख्या, या पाच प्रकारांच्या बाहेर आम्ही जात नाही. हे पाच प्रकार घरी स्वतः तपासलेत तर सहसा अचंबा वाटायची वेळ येणार नाही.

मोठ्या संख्येचं उदाहरण घ्या. १ लाख आकडे क्रमाने लावायचे आहेत. प्रत्येक जोडी तपासणारी पद्धत वापरली तर सुमारे ५०० कोटी तुलना होतात. मर्ज सॉर्टला साधारण १७ लाख पुरतात. वेळेची मर्यादा २ सेकंद आहे, तेव्हा पहिली पद्धत तिथे बसत नाही. तिसऱ्या गृहपाठात हेच वेगळ्या रूपात येतं. क्रमाने लावलेले १ लाख आकडे साध्या बायनरी सर्च ट्रीमध्ये घातले की झाड उरत नाही, एका बाजूला लोंबणारी साखळी तयार होते, आणि प्रत्येक नवा आकडा त्या साखळीच्या टोकापर्यंत चालत जातो. म्हणून तिथे तोल राखणारं एव्हीएल झाड मागितलं आहे.

डेडलाइन शुक्रवारी संध्याकाळी ६ ला का? रात्री १२ ला का नाही?

६ वाजेपर्यंत लॅब उघडी असते आणि विचारायला माणूस असतो. रात्री ११ वाजता सर्व्हरने कोड नाकारला तर विचारणार कोणाला? वाळपई, पेडणे, काणकोणला जाणाऱ्यांना कदंबाच्या बसमध्ये बसून, नेटवर्क येत-जात असताना सबमिशन करावं लागू नये हेही आहे.

उशीर झाला तर?

सेमिस्टरभरात प्रत्येकाला ४ 'उशिराचे दिवस' मिळतात. एका गृहपाठाला जास्तीत जास्त २. शुक्रवारी ६ नंतर शनिवारी ६ पर्यंत एक दिवस, रविवारी ६ पर्यंत दोन. विचारायची गरज नाही, सर्व्हर आपोआप मोजतो. दिवस संपलेले असतील तर प्रत्येक दिवसाला २० पैकी ४ गुण कापले जातात. रविवारी ६ नंतर काहीही घेतलं जात नाही, कारण सोमवारी वर्गात उत्तराची चर्चा होते.

गावची जत्रा आहे, घरात लग्न आहे, दुसऱ्या विषयाचं सबमिशन आहे.

उशिराचे दिवस याचसाठी आहेत. म्हणूनच ते ऑगस्टमध्येच संपवू नका.

चवथीच्या काळात डेडलाइन असते का?

नाही. गणेशचतुर्थीच्या दोन दिवस आधीपासून कॉलेज पुन्हा सुरू होईपर्यंत एकही डेडलाइन ठेवत नाही. पण दुसरा गृहपाठ चवथीच्या आधी दिला जातो आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी द्यायचा असतो. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला आणि आरत्यांना पूर्ण वेळ द्या, फक्त घरी जाण्याआधी प्रश्न एकदा वाचून ठेवा. इनफिक्सचं पोस्टफिक्स करताना कंसांचं काय करायचं, हे डोक्यात घोळत राहायला थोडे दिवस मिळालेले बरे.

आजारी असलो तर?

ताप दोन दिवसांचा असेल तर उशिराचे दिवस वापरा. त्याहून लांबलं, दवाखान्यात भरती व्हावं लागलं किंवा घरात कोणी गेलं, तर विभागाच्या कार्यालयात अर्ज द्या आणि आम्हाला कळवा. तो गृहपाठ मोजणीतून वगळला जातो, उरलेल्यांतून ५ धरले जातात. अशा वेळी डेडलाइनआधी कळवता आलं नाही तरी चालतं.

वीज गेली, नेट गेलं. कमिट वेळेत केलं होतं, पुश नंतर झालं. कमिटची वेळ धराल का?

नाही. गिटमध्ये कमिट म्हणजे आपल्या लॅपटॉपवर केलेली नोंद, पुश म्हणजे ती सर्व्हरवर पाठवणं; सर्व्हरवर पुश पोहोचल्याची वेळ धरली जाते. कमिटवरची वेळ तुमच्याच लॅपटॉपच्या घड्याळातून येते आणि ती हवी तशी बदलता येते, त्यामुळे पुरावा म्हणून तिचा उपयोग नाही.

जून ते सप्टेंबरमध्ये वीज जाणारच हे धरून चाला. दर तासाला, काम अर्धवट असलं तरी, पुश करा. २०० ओळींची सी फाइल ६ ते ८ किलोबाइटची असते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, नेटवर्कची एक काडी असली तरी ती जाते. जात नाही ती सोबत चुकून जोडलेली एक्झिक्युटेबल फाइल किंवा आउटपुटचे मोठाले ढीग. ते गिट-इग्नोरमध्ये टाका. आणि पुश झाल्यावर कोर्सच्या पानावर जाऊन हिरवी खूण दिसते का ते पाहा. टर्मिनलवर काही एरर आला नाही म्हणजे सबमिशन झालं, असं समजू नका. चुकीच्या ब्रँचवर पुश केलेला कोड आमच्याकडे पोहोचत नाही.

डेडलाइनच्या शेवटच्या ३ तासांत आमचाच सर्व्हर बंद पडला, तर सर्वांना २४ तास वाढवून मिळतात.

एकत्र अभ्यास केला तर चालतो का?

चालतो, आणि करायलाच हवा. हॅश टेबलमध्ये दोन किल्ल्या एकाच घरात आल्या तर काय करायचं, हे एकट्याने वाचून जेवढं कळतं त्याच्या दुप्पट कोणाला तरी समजावून सांगताना कळतं. मर्यादा एवढीच: कल्पना एकत्र, कोड एकट्याने.

चर्चा फळ्यावर किंवा कागदावर करा. चित्रं काढा, बाण काढा, उदाहरण हाताने सोडवा. चर्चा संपली की फळा पुसा, कागद तिथेच ठेवा, फोटो काढू नका. मग किमान अर्धा तास दुसरं काहीतरी करा. कँटीनमध्ये चहा घ्या, बस पकडा. त्यानंतर आपल्या लॅपटॉपसमोर बसून लिहा. कल्पना खरंच समजली असेल तर अर्ध्या तासाने ती जागेवर असते. गेली असेल तर ती समजली नव्हती, फक्त डोळ्यांसमोर होती. हे तुम्हाला व्हायवाच्या टेबलावर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळलेलं चांगलं.

मित्राचा कोड अडकला आहे. त्याला मदत करू का?

करा, पण हात कीबोर्डपासून लांब ठेवा. त्याच्या स्क्रीनवरचा एरर मेसेज त्याच्यासोबत वाचा. 'इथे हेडमध्ये काय आहे? छापून बघ,' असं म्हणा. यादी रिकामी असताना काय होतं ते विचारा. चूक कुठल्या फंक्शनमध्ये आहे इथवर सांगितलं तरी हरकत नाही. ती ओळ कशी लिहायची ते मात्र सांगू नका, आणि 'माझं बघ' म्हणत आपली फाइल उघडू नका.

फोनवरून ओळी सांगणं, स्क्रीन शेअर करणं, 'फक्त बघायला' म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल पाठवणं, हे सगळं कोड देणंच आहे. तुमची मैत्रीण ती फाइल जशीच्या तशी देणार नाही असं तुम्हाला वाटतं, आणि तिलाही संध्याकाळी ४ पर्यंत तसंच वाटत असतं. साडेपाचला, कोड कंपाइल होत नसताना, समोर चालणारी फाइल उघडी असते. तिला त्या जागी आणून ठेवू नका.

सहकार्याची नोंद नेमकी कशी लिहायची? नमुना द्या.

हा चौथ्या गृहपाठासाठीचा नमुना:

'हीपमधला सर्वांत वरचा घटक काढल्यावर शेवटचा घटक वर आणून खाली सरकवायचा, हे वर्गातल्या मैत्रिणीने ७ घटकांचं झाड काढून समजावलं. तिचा कोड पाहिला नाही. खाली सरकवताना उजवं मूल नसेल तर काय करायचं ते मला सुचलं नव्हतं. लॅबमधल्या सरांनी "घटकांची संख्या आणि इंडेक्स यांची तुलना कर" एवढंच सांगितलं. री-ॲलॉक कसं वापरायचं ते मॅन पेजवर वाचलं.'

इतकं पुरे. प्रामाणिकपणे लिहिलेल्या मदतीबद्दल गुण कापले जात नाहीत. अगदी तुम्ही लिहिलंत की एक फंक्शन मला जमलं नाही, ते मी मित्राचं पाहून लिहिलं, तर त्या फंक्शनपुरत्या टेस्टचे गुण मिळणार नाहीत, पण तो नक्कलीचा प्रकार धरला जाणार नाही. नोंद केलेली गोष्ट आणि लपवलेली गोष्ट यांत हा एवढा मोठा फरक आहे.

सीनियरचे जुने गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. ते वाचले तर?

वाचू नका. प्रश्न दरवर्षी थोडे बदलतात, आणि ते बदल नेमके अशा जागी असतात की जुना कोड दिसणाऱ्या टेस्टमध्ये चालतो आणि लपवलेल्या टेस्टमध्ये पडतो. शिवाय मागच्या वर्षांचा सगळा कोड तुलनेसाठी आमच्याकडे असतो.

याच कारणासाठी तुमचा कोड गिटहबवर सार्वजनिक ठेवू नका. नोकरीसाठी दाखवायचा असेल तर खाजगी रिपॉझिटरी ठेवून हव्या त्या व्यक्तीला परवानगी देता येते.

इंटरनेटवरून काय घेता येतं?

भाषेबद्दलची माहिती हवी तेवढी. स्कॅनएफ नवी ओळ का गिळत नाही, क्यूसॉर्टला तुलनेचं फंक्शन कसं द्यायचं, एरर मेसेजचा अर्थ काय. तीनपेक्षा जास्त ओळी कुठून घेतल्या तर त्यांच्या वर कॉमेंटमध्ये दुवा द्या. गृहपाठाचं उत्तरच शोधू नका. 'सीमध्ये एव्हीएल झाड' असं शोधून मिळालेला कोड दुवा देऊन लावला, तर ती नक्कल ठरत नाही, पण त्या भागाचे गुण शून्य.

चॅटजीपीटी आणि तसली साधनं?

एरर मेसेज समजून घ्यायला, एखादी संकल्पना पुन्हा ऐकायला, स्वतःसाठी सरावाचे प्रश्न बनवून घ्यायला वापरा. गृहपाठाचा कोड लिहून घ्यायला किंवा दुरुस्त करून घ्यायला वापरू नका. गृहपाठाचा प्रश्न त्यात चिकटवणं हे दुसऱ्याकडून लिहून घेणंच आहे. वापरलंत तर काय विचारलंत ते सहकार्याच्या नोंदीत लिहा. एडिटरमध्ये आपोआप पूर्ण फंक्शन सुचवणारं एक्स्टेंशन असेल तर या विषयापुरतं बंद ठेवा.

कारण साधं आहे. मधल्या चाचणीत आणि सेमिस्टरअखेरच्या परीक्षेत कागदावर कोड लिहायचा असतो, आणि त्या दोन्हींना मिळून ६० गुण आहेत. गृहपाठाचे ३० मिळवण्यासाठी त्या ६० ची तयारी घालवणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

एआयने लिहिलेला कोड ओळखून देणारी सॉफ्टवेअर आम्ही वापरत नाही. ती चुकतात, आणि निर्दोष मुलावर आळ येणं आम्हाला मान्य नाही. आमची कसोटी व्हायवाची.

व्हायवात काय विचारतात?

प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये, प्रत्येकी सुमारे ८ मिनिटं. तुमचाच कोड समोर उघडलेला असतो. एक प्रश्न 'हे असं का' असा असतो, दुसऱ्यात एक लहानसा बदल करायला सांगतात.

पहिल्या गृहपाठातलं उदाहरण पाहा. यादीतून घटक काढणारं तुमचं फंक्शन हेड पॉइंटर साधा घेतं. मधला नोड काढला तर ते बरोबर चालतं. पहिलाच नोड काढायला सांगितला की फंक्शनच्या आत हेड बदलतो, पण बाहेर, मेनमध्ये, जुनाच राहतो, कारण सीमध्ये फंक्शनला मूल्याची प्रत मिळते. मेनमधला हेड आता मोकळ्या केलेल्या मेमरीकडे बोट दाखवतो आहे. हे कसं दुरुस्त कराल? हेडचा पत्ता पाठवणं किंवा नवा हेड परत करणं, दोन्ही उत्तरं बरोबर. ज्याने हा कोड स्वतः लिहून एकदा मोडलेला पाहिला आहे त्याला हे अर्ध्या मिनिटात सुचतं.

व्हायवा मराठीत किंवा कोंकणीत देता येतो का?

येतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं चौथीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं आहे आणि घरी कोंकणी बोलली जाते. पॉइंटर, नोड, स्टॅक हे शब्द तसेच ठेवा, बाकी समजावणं तुम्हाला सहज येतं त्या भाषेत करा. भाषेसाठी गुण कापत नाही. टिपणही मराठीत चालेल. लेखी परीक्षा मात्र इंग्रजीत असते, तेव्हा अधूनमधून एखादं टिपण इंग्रजीत लिहून सराव ठेवा.

कॉमेंट देवनागरीत लिहिल्या तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. व्हेरिएबलची नावं इंग्रजीच ठेवा. आणि हॅश टेबलच्या गृहपाठात किल्ली म्हणून देवनागरी शब्द वापरून पाहणार असाल तर लक्षात असू द्या: 'गोवा' या शब्दाची लांबी स्ट्रलेन हे लांबी मोजणारं फंक्शन १२ सांगतं, २ नाही आणि ४ ही नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं आणि काना, मात्रा ही वेगळी चिन्हं आहेत. तुमचं हॅश फंक्शन बाइट मोजत असेल तर ते बरोबरच चालेल, फक्त कॅरेक्टरचा प्रकार अनसाइन्ड ठेवा, नाहीतर इंडेक्स ऋण निघेल.

नक्कल तुम्हाला कळते कशी?

सगळा कोड मॉस या प्रोग्राममधून जातो. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९४ साली तो पहिल्यांदा तयार झाला, आणि जगभरचे प्रोग्रामिंगचे शिक्षक तो वापरतात. तो मजकूर जुळवत नाही. व्हेरिएबलची नावं, रिकाम्या जागा, कॉमेंट बाजूला काढून उरलेल्या रचनेचे छोटे तुकडे करतो आणि त्यांचे ठसे जुळवतो. म्हणून नावं बदलणं, फंक्शन वर-खाली करणं, फॉरच्या जागी व्हाइल लिहिणं याने फारसा फरक पडत नाही.

पण मॉस निकाल देत नाही. दोन घटकांची अदलाबदल करणारं फंक्शन सगळ्यांचं सारखंच असणार. आम्ही दिलेला कोड तुलनेतून वगळलेला असतो. उरलेलं साम्य दोन शिक्षक वेगवेगळे वाचतात. सगळ्यात बोलका पुरावा असतो तो सारख्या चुकीचा: दोघांच्याही कोडमध्ये कधीच न वापरलेलं एकच व्हेरिएबल, किंवा एकाच जागी विनाकारण जोडलेलं उणे एक.

पकडलं गेलं तर पुढे काय?

दोघांना वेगवेगळं बोलावतो, कोडबद्दल तेच प्रश्न विचारतो, गिटचा इतिहास पाहतो. बोलणं ऐकल्याशिवाय काही ठरत नाही. नक्कल सिद्ध झाली तर पहिल्या वेळी दोघांनाही त्या गृहपाठात शून्य, आणि विभागाकडे नोंद. दुसऱ्या वेळी सगळ्या गृहपाठांचे ३० गुण शून्य आणि प्रकरण विभागाच्या समितीकडे.

देणाऱ्यालाही तीच शिक्षा, हे अनेकांना कठोर वाटतं. पण घेणाऱ्याचं शिकणं थांबवण्यात देणाऱ्याचा हात तेवढाच असतो.

डेडलाइननंतर ४८ तासांच्या आत स्वतःहून येऊन सांगितलं, तर गुण शून्यच राहतात पण नोंद होत नाही. दरवर्षी काही मुलं येतात. या, कोणी ओरडणार नाही.

लॅबच्या कॉम्प्युटरवर लॉगिन राहिलं आणि कोणीतरी माझा कोड उचलला, तर?

लगेच कळवा. इथे गिटचा इतिहास तुमच्या बाजूने बोलतो. आठवडाभरात हळूहळू वाढलेला, मध्येच चुकलेला आणि दुरुस्त झालेला कोड आणि एकाच कमिटमध्ये आलेल्या २०० ओळी, यांतला फरक लगेच दिसतो.

यूजीसीच्या नियमात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं ना?

ते नियम २०१८ चे आहेत आणि पदव्युत्तर, संशोधन पातळीवरचे प्रबंध, शोधनिबंध यांसाठी आहेत. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. कोडला टक्केवारी लावून उपयोगही नाही. ५० ओळींच्या गृहपाठातल्या महत्त्वाच्या ओळी ५ च असतात.

सहावा गृहपाठ जोडीने आहे. तिथे नियम कसे?

जोडीच्या आत सगळं मोकळं, जोडीबाहेर वरचेच नियम. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने वाचत विचार करायचा, आणि दर ३० मिनिटांनी जागा बदलायच्या. काम वाटून घेऊ नका, व्हायवा दोघांचा वेगळा असतो आणि गुणही वेगळे पडू शकतात.

गृहपाठात गोव्यातली गावं आणि रस्त्यांची अंतरं दिली आहेत, डायक्स्ट्राच्या पद्धतीने सर्वांत जवळचा रस्ता काढायचा आहे. व्हायवात झुआरी पुलाची एज (ग्राफमधली दोन गावांना जोडणारी रेघ) काढून टाकायला सांगतात. पणजी ते मडगाव रस्ता मग फोंड्याकडून बोरीच्या पुलावरून यायला हवा. तो अजूनही कुठ्ठाळीवरूनच येत असेल तर तुम्ही एज एकाच दिशेने काढली आहे. दोन्ही दिशांच्या नोंदी असतात हे विसरलात.

०.५ साठी गुण वाढवता का? ३९.६ चे ४० होतात का?

गृहपाठांचे दशांश शेवटपर्यंत तसेच ठेवतो आणि १०० पैकी बेरीज झाल्यावर एकदाच पूर्णांक करतो, अर्धा किंवा जास्त असेल तर वर. त्यामुळे ३९.६ चे ४० होतात, ३९.४ चे ३९ च राहतात.

वर्गातल्या इतरांच्या गुणांवर माझा ग्रेड ठरतो का?

नाही. सगळ्यांना ओ हा सर्वांत वरचा ग्रेड मिळाला तरी आम्हाला आनंदच आहे. मित्राला समजावल्याने तुमचा ग्रेड खाली येत नाही.

ग्रेड १० गुणांच्या पद्धतीचे आहेत: ओ १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, एफ शून्य. सेमिस्टरची सरासरी काढताना प्रत्येक विषयाचे ग्रेडगुण त्याच्या क्रेडिटने गुणायचे, बेरजेला एकूण क्रेडिटने भागायचं. २० क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये या विषयात बी प्लसचा ए झाला तर सरासरी ०.२ ने वाढते.

गुण चुकीचे वाटले तर?

गुण लागल्यापासून ७ दिवसांत कोर्सच्या पानावरचा फेरतपासणीचा अर्ज भरा. कोणत्या टेस्टबद्दल किंवा टिपणातल्या कोणत्या मुद्द्याबद्दल तक्रार आहे ते लिहा. 'मी खूप मेहनत केली' हे आम्हाला पटतं, पण त्यावर तपासता काही येत नाही. 'टेस्ट ११ मध्ये यादी रिकामी असताना प्रश्नात उत्तर उणे १ म्हटलं आहे, टेस्टमध्ये शून्य अपेक्षित आहे,' असं लिहिलंत तर त्याच दिवशी पाहतो, आणि चूक आमची असेल तर सगळ्या वर्गाचे गुण दुरुस्त होतात. फेरतपासणीत पूर्ण गृहपाठ पुन्हा तपासला जातो, त्यामुळे गुण कमीही होऊ शकतात.

हजेरीचे गुण आहेत का?

नाहीत. पण प्रॅक्टिकलला गैरहजर राहिलात तर त्या दिवशीचा व्हायवा बुडतो. तो पुढच्याच आठवड्यात एकदा देता येतो, नंतर नाही.

प्रश्नच समजला नाही तर कुठे विचारू?

मंगळवार आणि गुरुवारी दुपारी ३ ते ५ लॅबमध्ये. येताना तीन गोष्टी आणा: कोड जिथे मोडतो तो सर्वांत लहान इनपुट, काय यायला हवं होतं, आणि काय आलं. १ लाख आकड्यांची फाइल आणू नका. तो ३ आकड्यांवरही मोडतो का ते आधी पाहा. बहुतेक वेळा मोडतो, आणि ३ आकडे कागदावर मांडून बघता येतात.